आपल्या गाण्यांचा धनी कोण?

(मंडळाच्या रौप्यमहोत्सवी मेळाव्यात केलेले भाषण)



आपल्या मंडळाला पंचवीस वर्षे पूर्ण झाली, ही आपणां सर्वांना मोठ्या आनंदाची गोष्ट आहे. या मंगल प्रसंगी ‘आपण आपल्या गाण्यांचे प्रकाशन सुरू करावे काय?’ या विषयावर मी बोलावे, अशी चिटणीस वहिनींची आज्ञा झाली. मी काही व्याख्याती नव्हे. माझे शिक्षण मराठी सातवीपर्यंत, आणि पुढची सारी शाळा स्वयंपाकघरातली. परंतु मंडळाचा जमाखर्च मी नऊ वर्षे लिहिते आहे, आणि या एका विषयासाठी गेले काही महिने वकिलांकडे, छापखान्यात व ग्रंथालयात पुष्कळ चकरा मारल्या आहेत. माझी भाची कायदा शिकलेली आहे. तिने कलमे वाचून मला समजतील अशा मराठीत सांगितली. त्यातून जे उमगले ते आपल्यापुढे ठेवते.

हा विषय निघाला कसा, ते बहुतेकींना ठाऊक आहेच. गेल्या माघात भक्तिगीतांची ध्वनिमुद्रणे काढणाऱ्या एका संस्थेचे गृहस्थ आपल्याकडे आले. त्यांनी सप्ताहात आपले भजन ऐकले होते. वहीतली अठ्ठेचाळीस पदे घेऊन पंधरा हजार रुपये रोख देण्याची त्यांची तयारी होती. सोबत टंकलिखित कागद होता. त्यात ‘सर्व हक्क कायमचे दिले, पुढे रॉयल्टी मागणार नाही’ असा मजकूर होता. आपल्या सभामंडपाचा पत्रा गळतो, हे कोणाला सांगायला नको. तेव्हा काही भगिनींना वाटले की चालून आलेली लक्ष्मी दवडू नये, आणि काहींना वाटले की जरा थांबावे. दोन्ही बाजूंच्या मनात मंडळाचे हितच आहे, हे मी प्रथमच सांगून ठेवते.

ही पदे रचली आमच्या आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या यजमानांच्या आत्यांनी. आज त्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत व पुढच्याच रांगेत बसल्या आहेत. त्यांना विचारले तर ‘मंडळ म्हणेल तसे’ एवढेच त्या म्हणतात. २०१९ च्या महापुरात कृष्णामाईचे पाणी आपल्या गल्लीत शिरले, तेव्हा त्यांची एक वही माळ्यावर होती म्हणून वाचली आणि दुसरीचा लगदा झाला. पुढच्या पावसाळ्यात आम्ही दोघी रोज दुपारी बसलो व आठवून आठवून एकोणीस पदे पुन्हा उतरवली. चार पदांचे शब्द काही केल्या आले नाहीत, ती गेली ती गेलीच. तेव्हा या वहीचे मोल रुपयांत करताना माझा हात थोडा अडखळतो, तो याच कारणाने.

आता संगीताचे प्रकाशन म्हणजे काय? आपल्याला वाटते की गाणे मुद्रित करून विकणारा तो प्रकाशक. ते खरे नव्हे. लोणच्याची कृती वेगळी आणि लोणच्याची बरणी वेगळी, तसे हे आहे. शब्द आणि चाल मिळून झाली रचना, ती कृती. ती कोणीतरी गाऊन मुद्रित केली, ती बरणी. कायद्याने या दोहोंचे धनी निरनिराळे असू शकतात. शब्दांचा धनी शब्द रचणारी, चालीचा धनी चाल बांधणारा आणि ध्वनिमुद्रणाचा धनी ते खर्च करून काढणारा. गाणारणीचाही म्हणून एक हक्क आहे, तो पन्नास वर्षे टिकतो. संगीत-प्रकाशक हा रचनेचा कारभारी असतो. कोणते गाणे कोणाचे हे तो लिहून ठेवतो, वापरणाऱ्याला परवानगी देतो, आलेला पैसा ज्याचा त्याला वाटून देतो आणि आपल्या श्रमाचा ठरलेला हिस्सा घेतो. शेताला जसा सातबारा, तसा गाण्याला हा उतारा. भिशी चालवणाऱ्या बायकांना यात न समजण्यासारखे काही नाही.

या धंद्याची एक गोष्ट मला फार आवडली, ती सांगते. १८४७ साली पॅरिस शहरात एका गाण्याबजावण्याच्या उपाहारगृहात अर्नेस्ट बूर्जे नावाचे गीतकार आणि त्यांचे दोन संगीतकार मित्र बसले होते. तेथे त्यांचीच गाणी चालली होती, आणि लोक ती ऐकत खातपीत होते. उठताना त्यांच्यापुढे बिल आले. ते म्हणाले, तुम्ही आमच्या गाण्याचे पैसे देत नाही, आम्ही तुमच्या पेयाचे देत नाही! प्रकरण न्यायालयात गेले आणि निकाल गाणी रचणारांच्या बाजूने लागला. पुढे १८५१ साली गीतकार, संगीतकार व प्रकाशक यांची ‘सासेम’ ही संस्था तेथे निघाली, आणि ती आजही चालू आहे. आपल्या देशात अशी संस्था १९६९ साली मुंबईत निघाली. ‘इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी’ हे तिचे नाव. गीतकार, संगीतकार आणि प्रकाशक असे तिघेही तिचे सभासद होऊ शकतात. बारशाला सारा गाव जेवावा आणि बाळंतिणीलाच ताट नसावे, तशी गाणी रचणारांची गत होऊ नये, एवढाच या साऱ्या खटाटोपाचा अर्थ.

आपला कायदा १९५७ चा. रचना कागदावर उतरली की तिचा हक्क रचणाऱ्याचा होतो, त्याला सरकारी शिक्का लागत नाही. हा हक्क रचणाऱ्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो. ही साठ वर्षे मृत्यूच्या पुढच्या वर्षारंभापासून मोजतात. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखी आणि सहीनिशीच द्यावा लागतो. कागदात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची धरतात आणि मुलूख लिहिला नसेल तर हा देश एवढाच धरतात. म्हणून कागदात ‘कायमचे’ आणि ‘जगभर’ हे दोन शब्द दिसले की चष्मा पुसून पुन्हा वाचावे.

१९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने असा निकाल दिला होता की सिनेमासाठी पैसे देऊन करवून घेतलेल्या गाण्याचा हक्क, उलट करार नसेल तर, निर्मात्याचा. त्यानंतर गीतकार-संगीतकारांनी पुष्कळ वर्षे धडपड केली. कवी जावेद अख्तर यांनी राज्यसभेत हा प्रश्न मांडला, आणि २०१२ साली कायद्यात दुरुस्ती झाली. आता गीतकाराला व संगीतकाराला आपला रॉयल्टीचा वाटा लिहून सोडता येत नाही. तो वारसांना द्यावा किंवा कॉपीराइट संस्थेकडे वसुलीला द्यावा, दुसऱ्या कोणाला नाही. तसा उलट करार केला तरी तो रद्दच. म्हणजे त्या गृहस्थांच्या कागदातले ‘रॉयल्टी मागणार नाही’ हे वाक्य कायद्यापुढे उभे राहत नाही. मात्र हे ज्याला ठाऊक नाही तो मागायलाच जाणार नाही, हीही गोष्ट तितकीच खरी.

हे समजल्यावर मी आपल्या वहीचा हिशेब मांडला. तो लक्ष देऊन ऐकावा, कारण सारी गोम त्यातच आहे.

वहीत पदे अठ्ठेचाळीस. त्यांतील सव्वीस पदांचे शब्द व चाल दोन्ही आत्याबाईंची. अकरा पदांचे शब्द आत्याबाईंचे आणि चाल आपल्या पेटीवाल्या काकांची. काका २०११ साली गेले, तेव्हा त्यांच्या चालींचा हक्क २०७१ अखेरपर्यंत त्यांच्या वारसाचा. त्यांची मुलगी याच गावात नांदते आहे. तिला विचारल्यावाचून या चाली कोणाला देण्याचा अधिकार ना मंडळाला आहे, ना आत्याबाईंना. पाच पदे म्हणजे तुकोबांचे व जनाबाईंचे अभंग आहेत, चाल काकांची. अभंगांचे शब्द साऱ्या जगाचे, त्यावर कोणी हक्क सांगू शकत नाही. पण नवी चाल बांधणाऱ्याची. राहिली सहा पदे. त्यांचे शब्द आत्याबाईंचे, परंतु चाली सिनेमातल्या गाण्यांच्या. देवळात टाळ-मृदंगावर आपण ती हौसेने म्हणतो, त्याला बाध नाही. हौशी मंडळाने तिकीट न लावता किंवा धर्मसंस्थेसाठी गायले तर कायद्याने मुभा दिली आहे. पण तीच मुद्रित करून विकायची तर मूळ धन्याची परवानगी पाहिजे. आपण सह्या करून अठ्ठेचाळीसही पदे ‘आमची’ म्हणून दिली असती, तर सोळा ठिकाणी दुसऱ्याचे दिल्यासारखे झाले असते: अकरा आणि पाच काकांच्या मुलीचे. शिवाय सहा सिनेमावाल्यांचे, म्हणजे बेरीज बावीसवर जाते! हिशेब मांडल्यावाचून वस्तू विकू नये, ते एवढ्यासाठी.

भगिनींनो, आपले जपावे तसे दुसऱ्याचेही जपावे. काही जणींनी सुचवले की मंगळागौरीची, भोंडल्याची, डोहाळ्यांची गाणीही मंडळाच्या नावावर नोंदवून टाकावी. हे मात्र मला पटत नाही. ती आपल्या आज्या-पणज्यांची आणि साऱ्या महाराष्ट्राची आहेत. ती गावी, लिहून ठेवावी, छापावीत, पण त्यांना आपले कुलूप घालू नये. वाढदिवसाचे इंग्रजी गाणे आता घरोघर म्हणतात. त्याची चाल अमेरिकेतल्या केंटकी प्रांतातील मिल्ड्रेड व पॅटी हिल या दोघी बहिणींची. पॅटी बालवाडीत शिकवीत असे. १८९३ साली ती चाल मुलांना सकाळचे नमस्कार करण्याच्या वेगळ्याच शब्दांसह पुस्तकात छापली गेली. पुढे १९३५ सालच्या एका नोंदणीचा आधार घेऊन प्रकाशन कंपन्या वाढदिवसाच्या शब्दांवर हक्क सांगत राहिल्या आणि सिनेमावाल्यांकडून पैसे घेत राहिल्या. २०१५ साली न्यायालयाने सांगितले की त्या नोंदणीने शब्दांचा हक्क मिळालेलाच नव्हता. २०१६ साली कंपनीला १ कोटी ४० लाख डॉलरची तडजोड करावी लागली. दुसऱ्याच्या अंगणातली फुले आपल्या नावाने विकली की कधी ना कधी हिशेब द्यावा लागतो.

याउलट एक चांगले उदाहरण आपल्या पुण्याकडचे आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइट्व्हॅ यांनी गावोगाव हिंडून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्यांची संख्या एक लाखावर गेली. २०१७ पासून ‘पारी’ या संस्थेने त्या लोकांपुढे आणण्यास आरंभ केला. ओवीखाली गाणाऱ्या बाईचे आणि तिच्या गावाचे नाव असते. ज्या बायकांना सातबाऱ्यावरही कोणी घेतले नाही, त्यांचे नाव ओवीखाली लागले! आपल्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते. मुलगा सोपानदेव यांनी व घरच्यांनी त्यांची गाणी उतरून ठेवली म्हणून १९५२ साली, त्यांच्या मागे एक वर्षाने, पुस्तक निघू शकले. लिहून ठेवणारे कोणी घरात असले तरच गाणे माणसामागे उरते.

तर आपण काय करावे? माझ्या अल्पमतीप्रमाणे क्रमाने सांगते.

प्रथम नोंदवही घालावी. एका पदाला एक पान. शब्द कोणाचे, चाल कोणाची, केव्हा रचले, कोणाचा किती वाटा आणि कोणाच्या सह्या, एवढे रकाने पुरेत. या वहीच्या दोन नकला दोन निरनिराळ्या घरी ठेवाव्यात, आणि त्यांतले एक घर पुराच्या रेषेवरचे असावे.

दुसरे, चाली राखाव्यात. भातखंडे आणि पलुस्कर यांनी स्वर लिहिण्याच्या पद्धती घालून दिल्या. भातखंडे तर व्यवसायाने वकील. त्यांनी ठिकठिकाणच्या गायकांकडून बंदिशी मिळवून स्वरांसह ग्रंथांत छापल्या. आपल्या शाळेतल्या संगीत-शिक्षिका तेवढे काम करण्यास तयार आहेत. शिवाय आत्याबाईंच्या आवाजात प्रत्येक पद फोनवर मुद्रित करून तारीख घालावी. हे काम पुढच्या वर्षावर टाकू नये. कारण बोलून दाखवत नाही, पण आपण सारे जाणतो.

तिसरे, कागद करावेत. प्रकाशनाने आत्याबाईंकडून आणि काकांच्या मुलीकडून हक्क विकत घेऊ नये, ठराविक मुदतीची परवानगी घ्यावी. दहा वर्षे मला योग्य वाटतात. शंभर रुपये आले तर चाळीस शब्दांचे, चाळीस चालीचे आणि वीस प्रकाशनाच्या खर्चाचे, असा वाटा मी सुचवते.

चौथे, संस्था. ‘कंपनी’ या शब्दाला भिऊ नये. एकटीच्या नावानेही हा धंदा करता येतो. १९३२ च्या कायद्याप्रमाणे भागीदारी करता येते, आणि २०१३ च्या कायद्याप्रमाणे दोघींत मिळून प्रायव्हेट कंपनीही काढता येते. आरंभाला पाच जणींची नोंदलेली भागीदारी पुरे. बँकेतले खाते निराळे, पॅन निराळा. मंडळाच्या पेटीतला पैसा त्यात मिसळू नये. नफा उरला तर तो मंदिराला द्यायचा, हे भागीदारीच्या कागदातच लिहावे.

पाचवे, पुस्तिका छापावी. शब्द सर्व अठ्ठेचाळीस पदांचे छापता येतात. ध्वनिमुद्रण मात्र बेचाळीस पदांचेच करता येईल. उरलेल्या सहांना आपल्या मंडळातल्या तरुण सुनांनी नव्या चाली लावाव्यात. गळे चांगले आहेत, नुसता संकोच सोडायचा आहे. पुस्तिका निघाली की १९५४ च्या कायद्याप्रमाणे तिच्या प्रती कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आणि आणखी तीन मोठ्या ग्रंथालयांत पाठवायच्या असतात. मला हे कलम सर्वांत आवडले. आपली कृष्णामाई कितीही चढली तरी कोलकात्याला काही पोचणार नाही! दिल्लीच्या कॉपीराइट कचेरीत नोंदणी सक्तीची नाही, पण वाद निघाला तर पुराव्याला उपयोगी पडते. शब्दांच्या किंवा चालीच्या एका कृतीला पाचशे रुपये फी आहे. एकेक पद नोंदवणे परवडणार नाही, पण पुस्तिका एकच कृती म्हणून नोंदवता येईल.

आता पैशाचे बोलते, कारण त्यावाचून बायकांची सभा पुरी होत नाही. छापखान्याने पाचशे प्रतींना साडेबावीस हजार सांगितले आहेत. किंमत ऐंशी रुपये ठेवली आणि त्यातले आठ रुपये रचणाऱ्यांचे म्हणून बाजूला काढले, तर तीनशे तेरा प्रती खपल्यावर खर्च निघतो. सगळ्या खपल्या तर साडेतेरा हजार उरतात. म्हणजे रोख मिळणाऱ्या पंधरा हजारांपेक्षा दीड हजार कमीच, आणि खपल्या नाहीत तर खोट आपली. हे मी झाकून ठेवत नाही. पण त्या पंधरा हजारांत एका पदाला साडेतीनशे रुपयेदेखील पडत नाहीत, आणि पद जाते ते परत येत नाही. पुस्तिकेत दीड हजार कमी मिळून पदे घरी राहतात, शिवाय आत्याबाईंना व काकांच्या मुलीला चार हजार पोचतात. गाण्यांवर आपण श्रीमंत होऊ, असे मी मुळीच म्हणत नाही. आपले गाणे आपल्याच नातवंडांना दुसऱ्याकडे मागावे लागू नये, एवढेच म्हणते.

त्या गृहस्थांशी वैर करण्याचेही कारण नाही. त्यांच्याजवळ यंत्रे आहेत, वितरणाची सोय आहे. त्यांना उलट पत्र लिहावे: बेचाळीस पदे, पाच वर्षांची परवानगी, प्रत्येक पदाखाली रचणाऱ्यांची नावे, आणि रॉयल्टी कायद्याप्रमाणे. मान्य असेल तर आनंद, नसेल तर नमस्कार. पत्राचा मसुदा भाचीने करून दिला आहे, तो चिटणीस वहिनींकडे आहे. पत्र्याच्या दुरुस्तीसाठी तोवर घरटी वर्गणी काढावी, आमच्या घरचे एक हजार एक मी आजच लिहून देते.

येत्या बैठकीत यावर मत घ्यायचे आहे. मत कसेही पडले तरी मला मान्य राहील, पण कागद वाचल्यावाचून कोणी हात वर करू नये, ही विनंती. येताना प्रत्येकीने आपल्या घरची गाण्यांची वही आणावी. नसेल तर सासूबाईंना, आजीला विचारून निदान चार गाणी लिहून आणावी आणि खाली सांगणारीचे नाव घालावे. नोंदवहीचे पहिले पान आत्याबाईंच्या नावाचे आहे, पुढची पाने कोरी आहेत.